एक नीट केलं की दुसरं बिघडतं: दुकानाच्या सॉफ्टवेअरमधला परत परत येणारा फॉल्ट कसा शोधायचा

लातूरच्या मोंढ्यात आणि आसपासच्या तालुक्यांत आडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, दाळमिल यांची जुनी सॉफ्टवेअरं सांभाळायचं काम मी करतो. लिहिलेली दुसऱ्या कुणीतरी, बरीचशी व्हीबी सिक्स (जुनी प्रोग्रामिंगची भाषा) आणि ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटा साठवायचा प्रोग्राम) यातली, काही पीएचपी या भाषेतली, लिहिणारा पुण्याला नाहीतर हैदराबादला निघून गेलेला, आणि मागं राहिलेलं मी बघतो. दरवर्षी सोयाबीन यायला लागलं, दसरा जवळ आला की फोन सुरू होतात आणि फोनवरचं वाक्य जवळपास एकच असतं, "सर तुम्ही मागच्या वेळी नीट करून दिलं होतं ना, ते परत तसंच करायलंय."

सुरुवातीची चार-पाच वर्षं मी बी तक्रार आली की तेवढंच नीट करून यायचो आणि दोन महिन्यांनी परत त्याच दुकानात त्याच खुर्चीवर बसलेलो असायचो. खूप उशिरा लक्षात आलं की जुना बग परत येत नसतो. एकच नियम कोडमधे सात-आठ ठिकाणी लिहून ठेवलेला असतो, आपण त्यातल्या एका ठिकाणी दुरुस्ती करतो, बाकीची ठिकाणं तशीच चुकत राहतात आणि एकेक करून वर येतात. दुकानदाराला वाटतं तेच बिघडलं, प्रोग्रामरला वाटतं हे तर नवीनच आहे, आणि दोघं बी आपापल्या जागी खरं बोलत असतात. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या लपलेल्या जागा शोधण्याबद्दल आहे, सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून अवघडाकडं. पहिल्या चार गोष्टी दुकानदारानं स्वतः कराव्यात, पुढच्या कोड वाचता येणाऱ्यानं.

आधी लक्षणं

सगळ्यात पक्कं लक्षण स्क्रीनवर नसतं, कागदावर असतं. एका आडतीवर गेलो होतो तर मुनीमजी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद, छापून निघाली की चष्मा वर सारून शेवटचा आकडा बघायचे, कॅल्क्युलेटरवर हिशोब करायचे आणि कधीकधी निळ्या पेननं छापलेला आकडा खोडून बाजूला दुसरा लिहायचे, एक रुपयाचा फरक, मग पट्टी शेतकऱ्याच्या हातात. मी विचारलं हे रोजचंच का, तर म्हणाले वीस-पंचवीस पट्ट्यांत एखादीला होतं पण कोणत्या ते कळत नाही म्हणून सगळ्याच बघाव्या लागतात. सीझनला दिवसाला दोन-तीनशे पट्ट्या, आणि प्रत्येक हातानं तपासायची, मग कॉम्प्युटर घेतला कशाला. आणि ज्याच्या हातात खोडलेली पट्टी जाते त्या शेतकऱ्याला काय वाटत असेल ते वेगळंच, वर्षभराच्या मालाचा हिशोब आणि त्यावर खाडाखोड. असं पेन जिथं दिसेल तिथं पक्कं समजा की हिशोब दोन ठिकाणी दोन पद्धतीनं होतोय.

बाकीची लक्षणं पटपट सांगतो. पट्टी बरोबर येते पण रोजमेळ जुळत नाही, रोजमेळ जुळवला की खतावणी हलते. मुनीमजींकडं किंवा मालकाच्या पोराकडं वेगळी एक्सेल शीट असते आणि भांडण झालं की तीच खरी मानतात. मॉनिटरवर कागद चिकटवलेला असतो की अमुक बटण दाबू नये. हमालीचा दर पोत्यामागं एक रुपयानं बदलायला प्रोग्रामर चार दिवस मागतो, आणि मागतो ते खरंच लागतात म्हणून. कोडच्या फोल्डरशेजारी फायनल, फायनल नवीन, फायनल नवीन दोन असे अजून तीन फोल्डर असतात. आणि सगळ्यात मोठं, "त्याला हात लावू नका, ते कसंतरी चालतंय" असं प्रोग्रामर स्वतःच म्हणतो. एखादं लक्षण कुठंही असतं, त्यानं घाबरायचं कारण नाही. तीन-चार एकत्र असतील तर पुढं वाचा.

बॅकअप, पण उघडून बघितलेला

कुठल्याच गोष्टीला हात लावायच्या आधी बॅकअप. पेनड्राइव्हवर फाइल टाकली म्हणजे बॅकअप झाला असं नाही, ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडायची आणि त्यात कालची शेवटची पट्टी दिसते का ते बघायचं. ॲक्सेसची फाइल तीन जण उघडून बसलेले असताना कॉपी मारली तर कॉपीत अर्धवट नोंदी येऊ शकतात, म्हणून रात्री सगळ्यांनी बाहेर पडल्यावर. हे पहिलं का, तर नुसतं डेटा गेला तर परत भरायला पाहिजे म्हणून नाही, पुढं दुरुस्ती बरोबर झाली का हे ठरवायला जुन्या पट्ट्याच लागणार आहेत, त्याशिवाय आपण अंधारात काम करतो.

कोणत्या मशीनवर कोणतं सॉफ्टवेअर

दुकानात तीन कॉम्प्युटर असतील तर तिन्हीवरची प्रोग्रामची फाइल राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे तारीख आणि साइज बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मला स्वतःला असा अनुभव तीन-चार दुकानांत आला की दुरुस्ती काउंटरवरच्या मशीनवर झाली आणि आतल्या खोलीतल्या मशीनवर मागच्या वर्षीचाच प्रोग्राम चालू होता, दोन्ही एकाच डेटात लिहायलेत, एक नवीन पद्धतीनं आणि एक जुन्या. मग चूक आज दिसते, उद्या दिसत नाही, कारण उद्या आतल्या मशीनवर कुणी बसलेलंच नसतं.

ही चूक फक्त छोट्या दुकानात होते असं समजू नका. अमेरिकेत नाईट कॅपिटल नावाची शेअर बाजारातली मोठी कंपनी होती, १ ऑगस्ट २०१२ ला त्यांचा नवीन कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठव्यावर जुनाच राहिला. त्या जुन्या कोडमधे वर्षानुवर्षं न वापरलेला एक भाग तसाच पडून होता आणि तो चालू करायची जी खूण होती तीच खूण नव्या कामासाठी परत वापरली होती. पाऊण तासात कंपनीचे जवळपास ४४ कोटी डॉलर गेले. म्हणजे डिझाइनच्या दोन चुका, पडीक कोड काढून न टाकणं आणि एकाच खुणेला दोन अर्थ देणं, आणि वरून एक मशीन विसरलं. आपल्याकडं रक्कम लहान असते, पण चूक तीच.

तारखेची सेटिंग

तक्रार "कधी चुकतं, कधी नाही" अशी असेल तर कॅलेंडर घेऊन बसा. चुकलेल्या नोंदी १ ते १२ तारखेच्याच आहेत का आणि १३ पासून पुढं सगळं बरोबर आहे का एवढं बघा. तसं असेल तर फॉल्ट सापडला म्हणून समजा. ॲक्सेसला क्वेरीमधे (डेटातून नोंदी शोधायच्या हुकमात) ०५/१०/२०२४ अशी तारीख दिली की तो अमेरिकन पद्धतीनं आधी महिना वाचतो, म्हणजे ५ ऑक्टोबरची पट्टी १० मे मधे शोधतो. १३/१०/२०२४ दिली तर तेरावा महिनाच नसतो म्हणून तो गुपचूप उलटं वाचतो आणि बरोबर उत्तर देतो. म्हणून महिन्याचे पहिले बारा दिवस गोंधळ आणि नंतर सगळं शांत, आणि प्रोग्रामर बोलावून येईपर्यंत पंधरा तारीख उजाडलेली असते, त्याच्यासमोर काहीच चुकत नाही. हे मी पहिल्यांदा पकडलं तेव्हा दोन सीझन गेले होते.

विंडोजच्या रीजन सेटिंगमधे तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ठेवून बघा, तेवढ्यानं काही दुकानांत तात्पुरतं भागतं. पण तात्पुरतंच, कारण कोडमधे तारीख अशी जोडून लिहिलेल्या जागा तीस-चाळीस असू शकतात आणि कुठलीतरी राहतेच. तारीख क्वेरीत घालायचं काम एकाच फंक्शननं करायचं आणि त्यानं कायम वर्ष-महिना-दिवस असंच लिहायचं, हा खरा इलाज.

तक्रारींची वही

दहा रुपयांची वही घ्या. प्रत्येक तक्रारीला एक ओळ, तारीख, वेळ, कोणतं मशीन, कोणती स्क्रीन, पट्टी नंबर, काय आलं, काय यायला पाहिजे होतं. पट्टी खोडली असेल तर खोडलेली झेरॉक्स काढून चिकटवा. "बिल चुकायलंय" एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. दहा-बारा ओळी झाल्या की आपोआप दिसायला लागतं, सगळ्या पन्नास पैशांवरच्या आहेत, किंवा सगळ्या रद्द केलेल्या पट्ट्यांनंतरच्या आहेत. मी आता वहीशिवाय काम घेतच नाही, लोकांना सुरुवातीला राग येतो पण महिन्याभरात तेच वही उघडून दाखवतात.

इथून पुढं कोड उघडायचा.

एक नियम किती जागी आहे ते मोजा

कुठलाही एडिटर घ्या, सगळ्या फाइलींमधे शोधायची सोय असते. तक्रार ज्या नियमाची आहे तो नियम शोधा आणि तो किती ठिकाणी लिहिलाय ते कागदावर मोजून लिहा. दुरुस्ती अजून करायची नाही, नुसतं मोजायचं. एक आला तर छान, तुमचा प्रॉब्लेम साधा आहे. पाचच्या वर आला तर तुमची परत परत येणारी तक्रार तिथंच आहे.

जीएसटीचं उदाहरण घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा घाईत बऱ्याच जणांनी दर सरळ कोडमधे आकडा म्हणून टाकले. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, ठिबक आणि तुषार संच १२ वरून ५ टक्के, ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५, सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५. एका कृषी सेवा केंद्राच्या पोरानं काय केलं, सगळ्या कोडमधे १२ शोधलं आणि एका झटक्यात ५ करून टाकलं. पण वर्षाचे महिने बी १२ असतात. उधारीवरचं महिन्याचं व्याज काढताना वर्षाच्या व्याजाला १२ नं भागायचं होतं, ते ५ नं भागायला लागलं, आणि शेतकऱ्यांच्या उधारीवर जवळपास अडीचपट व्याज चढलं. दिवाळीच्या तोंडावर दुकानात भांडणं. त्या पोराची चूक मी मोठी मानत नाही, मोठी चूक पहिल्या माणसाची, ज्यानं आकड्याला नाव दिलं नाही. १२ असं नुसतं लिहिलं की तो महिना आहे का कर आहे का पानावरच्या ओळी आहेत हे फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि दोन वर्षांनी त्याला बी नाही.

त्याच दुकानात दुसरी गोष्ट. बिलात दर नीट केला पण जुनं बिल परत छापलं तर त्यावर बी ५ टक्केच यायला लागलं, कारण बिलाच्या ओळीत दर साठवलेलाच नव्हता, छापताना परत काढला जायचा. ऑगस्टमधे १२ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमधे परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानं निघायला पाहिजे, ती निघेना. म्हणून दर ठेवायचा वेगळ्या टेबलात, कोणत्या तारखेपासून लागू त्यासकट, आणि बिल केलं त्या क्षणी जो दर लागला तो बिलाच्या ओळीत कायमचा लिहून ठेवायचा. हे दोन बदल एकदाच केले की पुढच्या वेळी दर बदलला तर कोडला हातच लावावा लागत नाही, टेबलात एक ओळ वाढवायची.

कधी कधी मात्र आकडा बदलत नाही, नियमच बदलतो. दाळमिलवाल्यांना आठवत असेल, आधी दाळीवर कर ब्रँडवर ठरायचा, १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर ५ टक्के झाला. म्हणजे कोडमधली "ब्रँड असेल तर" ही अटच बदलली आणि तिथं वजन बघायची वेळ आली. टेबल असून बी उपयोग नाही, ती अट जिथं जिथं लिहिलीय तिथं तिथं जावं लागलं. एका मिलमधे ती चार ठिकाणी होती, बिल, चलन, ई-वे बिलाची फाइल आणि महिन्याचा रिपोर्ट, आणि चारही ठिकाणी थोडी वेगळी लिहिलेली त्यामुळं शोधून बी एकदम सापडेनात. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञांनी १९७२ मधेच मांडलं होतं की प्रोग्रामचे भाग करताना जी गोष्ट पुढं बदलायची शक्यता आहे ती एकेका भागाच्या आत झाकून ठेवावी, बाहेरच्यांना तिचा पत्ता लागू नये. मला कॉलेजात हे शिकवलेलं आठवत नाही, मोंढ्यानं शिकवलं. आपल्या लातूरच्या बाजारपेठेतल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात पण गोलाई एकच, तसं स्क्रीन सोळा असू द्या, कर काढायची जागा एकच पाहिजे.

रुपया कुठं जातो

आता त्या निळ्या पेनची गोष्ट, कारण ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते. समजा माल ४ क्विंटल ३५ किलो, भाव ४३१०. हिशोब १८,७४८ रुपये ५० पैसे. आता रुपयात पूर्ण करायचं. व्हीबी सिक्समधलं राउंड हे फंक्शन बरोबर पन्नास पैसे असले की जवळच्या सम आकड्याकडं जातं, म्हणजे १८,७४८. पण छापताना फॉरमॅट वापरलं तर ते वर जातं, १८,७४९. त्या दुकानात पट्टी फॉरमॅटनं छापायची आणि खात्यात रक्कम राउंडनं लिहिली जायची. पट्टीवर ४९, खात्यात ४८. आणि रक्कम १८,७४९ रुपये ५० पैसे असती तर दोन्हीकडं ५० आले असते, काहीच चुकलं नसतं. म्हणजे पन्नास पैशांवरच्या निम्म्याच पट्ट्या चुकायच्या, आणि म्हणून मुनीमजींना कोणत्या ते सांगता येत नव्हतं. नीट बघा, दोन्ही फंक्शन आपापल्या जागी बरोबर आहेत, फॉल्ट एवढाच की एकच रक्कम दोन ठिकाणी दोनदा पूर्ण केली.

खात्री करायची तर व्हीबीच्या इमिजिएट विंडोमधे (जिथं एकेक ओळ लगेच चालवून बघता येते) २.५ ला राउंड करून बघा, २ येईल, फॉरमॅट करून बघा, ३ येईल. एक्सेलच्या शीटमधलं राउंड ३ देतं आणि एक्सेलच्याच मॅक्रोमधलं राउंड २ देतं, म्हणून सीएकडच्या शीटमधे कधी कधी तिसराच गोंधळ होतो.

याच्या जोडीला रक्कम डबल या अपूर्णांक ठेवायच्या प्रकारात साठवलेली असेल तर अजून एक भानगड. डबलमधे कॉम्प्युटर अपूर्णांक अर्धा, पाव, अर्धपाव अशा तुकड्यांत ठेवतो, त्याला ०.१ नेमका लिहिताच येत नाही, ०.१ आणि ०.२ ची बेरीज डबलमधे ०.३०००००००००००००००४ येते. एका पट्टीत काही कळत नाही पण "बाकी शून्य आहे का" असं विचारलं तर शून्य असून बी नाही म्हणतो आणि खातं बंद होत नाही. पैसा पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा नाहीतर करन्सी किंवा डेसिमल प्रकारात ठेवा, आणि पूर्ण करायचं काम हिशोबाच्या शेवटी एकदा, एकाच फंक्शननं, तीच रक्कम साठवा आणि तीच छापा. छापणाऱ्यानं हिशोब करायचा नाही, नुसतं छापायचं. एवढं केल्यावर त्या दुकानातला पेन खिशात गेला, मुनीमजींनी पहिले आठ दिवस तरी विश्वास ठेवला नाही, प्रत्येक पट्टी तपासायचेच.

साठवलेली बाकी

शेतकऱ्याच्या खात्यात "बाकी" असा कॉलम असेल तर एक क्वेरी चालवा, त्याच्या सगळ्या नोंदींची बेरीज आणि तो कॉलम शेजारी शेजारी, फरक असलेली खाती तेवढी काढा. फरक निघाला तर त्या कॉलमला किती ठिकाणाहून हात लागतो ते मोजा. पट्टी केली की वाढते, रोख दिली की कमी, उचल दिली की कमी, चेक परत आला की वाढते, वजन दुरुस्त केलं की बदलते, पट्टी रद्द केली की उलटी व्हायला पाहिजे. मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी रद्द करणं हीच विसरलेली जागा असते, लिहिताना कुणाच्या डोक्यातच नसतं की पट्टी रद्द बी होईल. जमलं तर तो कॉलमच काढून टाका आणि बाकी दरवेळी नोंदींवरून काढा, दुकानाच्या आकाराला आजचं मशीन हे सहज करतं. नसेल जमत तर निदान नोंद करणारं फंक्शन एकच ठेवा आणि बाकी त्यालाच बदलू द्या.

नावावर चाललेलं खातं

हे जरा अवघड आहे, कोडपेक्षा डेटाचं काम जास्त. शेतकऱ्याला नंबर न देता नावावरच खातं जोडलेलं असेल तर आज ना उद्या एकाच गावातले एकाच नावाचे दोघं एका खात्यात येतात, आमच्याकडं तर आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीतच आहे. उलट एकाच माणसाची तीन खाती होतात, आडनाव आधी, नाव आधी, गाव लावून. जुनी नावं कृतिदेव नाहीतर श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टात आणि नवीन युनिकोडमधे (आता मोबाईलवर चालतं ते टायपिंग) असतील तर स्क्रीनवर सारखं दिसून बी आत वेगळं असतं. युनिकोडमधे सुद्धा आडनावात ऱ्ह किंवा ऱ्य असेल तर तो र दोन पद्धतीनं टाइप होतो, डोळ्याला फरक शून्य, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. मुनीमजी म्हणतात खातं आहे, सॉफ्टवेअर म्हणतं नाही.

इलाज म्हणजे प्रत्येकाला नंबर आणि जुन्या खात्यांची जोडणी माणसानं बसून करायची, मोबाईल नंबर आणि गाव बघून, ओळखणाऱ्या मुनीमजींना शेजारी घेऊन. प्रोग्रामनं आपोआप एकत्र करू नका. दोन माणसांचा हिशोब एकदा मिसळला की वेगळा करणं लई अवघड.

सगळं एका जागी आणायचं कसं

मोजून झालं, जागा कळल्या. आता त्या सगळ्या एकदम बदलायच्या नाहीत. पट्टीच्या हिशोबाचं एक नवीन फंक्शन लिहा, स्क्रीनला, प्रिंटरला, डेटाबेसला न शिवणारं, वजन भाव पोती द्या आणि रक्कम घ्या एवढंच. मग बॅकअपमधल्या मागच्या अख्ख्या सीझनच्या पट्ट्या त्या फंक्शनमधून काढा आणि जुन्या आकड्यांशी तुलना करा. जिथं फरक येतो त्या पट्ट्या छापून मालक आणि मुनीमजींसमोर ठेवा, कोणतं बरोबर ते त्यांनी सांगायचं. इथं बऱ्याचदा असं निघतं की जुन्या कोडमधली विचित्र दिसणारी ओळ मुद्दाम होती, एका ठिकाणी मला ती फालतू वाटली होती पण ती ओल्या मालाच्या वजनकपातीची होती आणि कुठंच लिहून ठेवलेली नव्हती. म्हणून जुन्या ओळी पुसायच्या आधी विचारा.

मग एक स्क्रीन नवीन फंक्शनवर आणा, आठ दिवस चालू द्या, वही बघा, मग दुसरी. शेवटची स्क्रीन आली की जुना हिशोब खरंच काढून टाका, कॉमेंट करून ठेवू नका. प्रत्येक टप्पा गिटमधे (कोडमधे कधी काय बदललं ते जपून ठेवणारा प्रोग्राम) ठेवा, गिट २००५ पासून फुकट आहे आणि एकट्या माणसाला बी उपयोगी आहे, मग फायनल नवीन दोन असले फोल्डर लागत नाहीत. हे काम सोयाबीनच्या सीझनमधे करू नका. एप्रिल-मे धरा, मोंढा शांत असतो.

सगळं नव्यानं लिहायचा मोह मला बी झालाय आणि एकदा केलंय. दीड वर्ष गेलं, जुन्यात पाच वर्षांत सुचलेल्या बारीक गोष्टी नव्यात नव्हत्या आणि तोपर्यंत दुकान जुन्यावरच चाललं. तुकड्या तुकड्यानं करा.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही ठिकाणी स्वतः हात घालायचाच नाही. ॲक्सेसची फाइल उघडताना ओळखीची नाही असा मेसेज आला, किंवा फाइलचा आकार २ जीबीच्या जवळ गेलाय, ती ॲक्सेसची हद्द आहे, तर रिपेअरचं बटण दाबू नका, फाइल जशी आहे तशी कॉपी करून ठेवा आणि डेटा काढून देणारा माणूस शोधा. सोर्स कोडच (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर) नाही, फक्त चालणारी एक्झी फाइल आहे, तर वरच्या निम्म्या तपासण्या होणारच नाहीत, उगं प्रयोग करू नका. चुकीच्या दरानं रिटर्न भरून झाले असतील तर आधी सीए, मग प्रोग्रामर, मागचे आकडे डेटाबेसमधे जाऊन बदलले तर भरलेल्या रिटर्नशी जुळणार नाहीत. पतसंस्थेच्या ठेवी-कर्जाच्या व्याजाचा कोड असेल तर लेखापरीक्षकाला सांगितल्याशिवाय एक ओळ बी बदलू नका, तिथं दुसऱ्यांचा पैसा आहे. आणि एकच तक्रार तीनदा दुरुस्त करून चौथ्यांदा आली तर तुम्ही कितीही हुशार असा, थांबा, ताज्या डोळ्याचा माणूस बसवा.

त्या माणसाला पहिल्या दिवशी दुरुस्तीचा भाव विचारू नका, किती दिवसांत मोजून सांगतो ते विचारा. जुनं न बघताच सगळं नवीन लिहून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा. काम ठरवताना सोर्स कोड दुकानाच्या मालकीचा राहील हे कागदावर घ्या. आणि येताना त्याच्या हातात तीन गोष्टी द्या, उघडून बघितलेला बॅकअप, तिन्ही मशीनवरच्या प्रोग्रामच्या तारखा आणि तक्रारींची वही, खोडलेल्या पट्ट्यांच्या झेरॉक्स चिकटवलेली.